मी ख्रिस्ती का आहे?

सरत्या वर्षाच्या अखेरच्या संध्याकाळी ख्रिस्तसभा ईश्वराचे आभारगीत गाते आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारीस, देवमाता पवित्र मरियेचा सण पाळते. आपल्यातील वडीलधाऱ्यांना स्मरत असेल की, १९६९ साली उपासनावर्षाची नवी मांडणी होण्यापूर्वी हाच दिवस बाळ येशूच्या सुंतेचा सण म्हणून ओळखला जात असे. सणाचे नाव बदलले. परंतु मिस्सेत वाचावयाचे शुभवर्तमान संत लूकचेच राहिले, आणि त्या उताऱ्याच्या शेवटी आठव्या दिवशी बाळाला येशू हे नाव दिल्याचे सांगितले आहे. १९६८ पासून, पोप सहावे पॉल यांच्या इच्छेनुसार, हा दिवस जागतिक शांतिदिन म्हणूनही पाळला जातो. माझे मन मात्र दरवर्षी त्या नामकरणापाशीच घुटमळते. आठ दिवसांच्या बाळाला कोणी विचारीत नाही की, बाबा, हे नाव तुला रुचते काय? नाव इतर ठेवतात. वाहावे लागते ते ज्याचे त्यालाच.

प्रिय वाचकहो, आपणां बहुतेकांचे ख्रिस्तीपण असेच आहे. आपण आईच्या मांडीवर असताना धर्मगुरूंनी मस्तकावर पाणी ओतले, धर्मपित्याने आपल्या वतीने उत्तरे दिली, आणि आपण रडलो. एवढाच त्या विधीतील आपला सहभाग. पुढे संत पेत्राचे पहिले पत्र वाचावयास मिळते, आणि तो प्रेषित तर बजावून ठेवतो की, तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर सौम्यपणे आणि आदराने उत्तर देण्याची तयारी ठेवा. लहानपणी ज्याने आपल्या वतीने उत्तर दिले, तो धर्मपिता आता कदाचित हयातही नसेल. यंदा हा प्रश्न मला सरळ तोंडावर विचारला गेला, आणि तो सुरतेत, पर्वत पाटिया येथील एका खोलीत.

आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे पोटासाठी सुरतेस जाऊन राहिली आहेत. नाताळच्या अष्टाहात, तेथील धर्मगुरूंच्या अनुमतीने, मी त्यांना भेटून येतो. नंदुरबारहून उधन्याकडे जाणाऱ्या गाडीला वाटेत नवापूर लागते. त्या स्थानकाच्या मधूनच महाराष्ट्र व गुजरात यांची सीमा गेली आहे, आणि तेथे एक बाक असा आहे की, त्याचा अर्धा भाग एका राज्यात व अर्धा दुसऱ्या राज्यात. मुले त्यावर बसून हसतात, मोठी माणसे छायाचित्रे काढतात. माणूस हातभर इकडे जन्मला तर मराठी शाळेत जाणार, हातभर तिकडे जन्मला तर गुजराती शाळेत. त्या बाकाकडे पाहताना जाताना मला केवळ गंमत वाटली होती.

पर्वत हे मूळचे एक गाव. त्याच्या फाट्यावरची पाटी ती पर्वत पाटिया. नावात पर्वत असला तरी आसपास डोंगर म्हणून नाही; कापडाचे डोंगर मात्र पाहावे तेवढे. टेंपोतून, हातगाडीवरून, दुचाकीच्या पाठीवरून रात्रंदिवस कापड वाहिले जाते. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची पुष्कळ मंडळी या भागात आणि शेजारच्या लिंबायत, डिंडोलीत राहतात. कानांवर अहिराणी पडते, आणि क्षणभर आपण खान्देशातच आहोत असे वाटते.

ज्या घरी मिस्सा होती, तेथील माउली दिवसभर साड्यांना खडे चिकटविण्याचे काम करते, आणि मुलगा कापड मार्केटात पार्सले बांधतो. साड्यांचे गठ्ठे भिंतीकडे सरकवून जागा केली होती. लोखंडी कपाटावर नाताळचा गोठा मांडला होता, तो साड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातला, आणि त्यावरचा तारा जरीच्या पट्टीचा. मोठमोठ्या देवळांतील गोठे मी पाहिले आहेत. तथापि प्रभूच्या मूळ गोठ्याची इतकी आठवण त्यांनी करून दिली नाही.

मिस्सा आटोपली, चहा झाला, आणि तो मुलगा म्हणाला, “फादर, एक विचारू? मार्केटात माझ्याबरोबर आपल्याच भागातला एक मित्र आहे. मनाने वाईट नाही. पण परवा नाताळचा फराळ वाटताना त्याने सर्वांदेखत विचारले, ‘तुझा आजा मिलोसाठी ख्रिस्ती झाला ना रे?’ मला उत्तर सुचले नाही. आईला विचारले तर ती म्हणते, ‘दुष्काळात मिशनच्या विहिरीच्या कामावर गेला होता, तेवढे खरे.’ मग आजाला भूक लागली होती म्हणून मी ख्रिस्ती? आणि तुम्ही, फादर? तुम्हीसुद्धा ख्रिस्ती घरात जन्मलात म्हणूनच ना?”

माउलीने त्याला डोळ्यांनी दटावले. मी म्हणालो, “विचारू द्या.” त्या रात्री जे सांगितले आणि परतीच्या गाडीत जे सुचले, ते येथे एकत्र लिहीत आहे, कारण हा टोमणा त्या एकट्याच्याच वाट्याला आलेला नाही.

प्रथम मिलोविषयी. आजोबा भुकेपोटी मिशनच्या दाराशी आले असतील, तर त्यात लपविण्यासारखे काय आहे? संत योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडून पाहावा. प्रभूने पाच भाकरी आणि दोन मासळ्या घेऊन पाच हजारांना जेवू घातले. दुसऱ्या दिवशी तीच माणसे सरोवराच्या पलीकडे त्याला शोधीत आली, तेव्हा त्याने त्यांना स्पष्ट सांगितले की, पोटभर खावयास मिळाले म्हणून तुम्ही माझ्यामागे आला आहात. त्याला ठाऊक होते, आणि तरीही त्याने आदल्या दिवशी त्यांना उपाशी परत धाडले नव्हते. मग तो जीवनाच्या भाकरीविषयी बोलू लागला. ते बोलणे कठीण वाटून पुष्कळ शिष्य निघून गेले. उरलेल्या बारांना त्याने विचारले, तुम्हीही जाता काय? त्यावर पेत्राने जे उत्तर दिले त्याचा भाव असा की, आम्ही जावे तरी कोणाकडे? पेत्र प्रथम का आला होता, याची चौकशी तेथे कोणी केली नाही. प्रभूने बारांना विचारले ते जाण्याविषयी आणि राहण्याविषयी. मिलो १९७२ च्या दुष्काळाबरोबर संपला. मिशनच्या विहिरीही केव्हाच बांधून झाल्या. पर्वत पाटियाच्या त्या खोलीत मिशनकडून आज चहाची पत्तीसुद्धा येत नाही. उलट माउलीनेच मला वाटेसाठी भाकरी बांधून दिली. बारा-बारा तास काम करून ती माणसे रात्री जपमाळ म्हणतात. ती कशासाठी?

आणि भुकेचीच गोष्ट काढावयाची, तर पंडिता रमाबाईंइतकी भूक कोणी पाहिली? दुष्काळात त्यांनी आईवडील गमावले, अन्नावाचून वणवण केली. परंतु त्या दिवसांत त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. संस्कृत शास्त्रांत पारंगत होऊन, पंडितांकडून मान मिळवून, १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपले काम दाखविले. ज्या स्त्रियांना समाजाने पतित म्हणून टाकून दिले होते, त्यांना या भगिनी जवळ घेऊन माणसांत आणीत होत्या. रमाबाईंना प्रश्न पडला की, हे यांना कोणी शिकविले? उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी स्नानसंस्कार घेतला. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. ते डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथे खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा स्नानसंस्कार झाला, तेव्हा हाती काय आले? घर तुटले, आणि लक्ष्मीबाईंसारखी पत्नी काही वर्षे दुरावली. हे दोघे आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. पण जी माणसे हा मार्ग पारखून, किंमत मोजून घेतात, त्यांची साक्ष आपण जन्माने ख्रिस्ती असलेल्यांनी तर अधिकच लक्षपूर्वक ऐकावी, असे माझे मत आहे.

मग माझे स्वतःचे काय? मी जन्मानेच ख्रिस्ती. हातभर पलीकडे जन्मलो असतो तर? येताना नवापूरचा तो बाक पाहून मला हसू आले नाही.

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस यांचे ईश्वराच्या अस्तित्वाचे पाच मार्ग शिकविले. १८७० च्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले आहे की, सृष्टीवरून बुद्धीच्या प्रकाशात ईश्वराचे अस्तित्व निश्चितपणे जाणता येते. त्या अभ्यासाचा मला आजही अभिमान आहे; आपली श्रद्धा बुद्धीला भिऊन पळणारी नाही, हे त्याने मला शिकविले. परंतु तो अभ्यास घराच्या पायासारखा आहे. पाया भक्कम असावा, घर उभे राहते ते त्यावरच. तथापि थंडीच्या रात्री कोणी पायाशी जाऊन शेकत बसत नाही.

जन्माच्या गोष्टीविषयी एवढेच म्हणेन की, आई कोणी निवडून घेत नाही. न निवडलेली म्हणून तिची माया खोटी ठरत नाही. पण एक वेळ अशी येते, की ती म्हातारी होते, तिचे बोलणे पुन्हापुन्हा तेच वाटू लागते, आणि तिला घरात ठेवावे की नाही, हे ठरविणे आपल्या हाती असते. वसईच्या संत गोन्सालो गार्सियांना श्रद्धा आईच्या दुधाबरोबरच मिळाली होती. ते जपानात व्यापारी झाले, पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाले. आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे, क्रुसावर, बालपणी मिळालेल्या नावाचा त्यांनी स्वतःच्या रक्ताने स्वीकार केला.

सुरतेत असताना मी तापीकाठचा जुना किल्ला पाहून आलो. तेथे मला १६६४ चा जानेवारी आठवला. शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील पहिल्या स्वारीची गोष्ट आपण शाळेत शिकलो आहोत. मोगलांचा अंमलदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला, शहर वाऱ्यावर सोडले गेले, आणि वीरजी व्होरासारख्या धनाढ्याचा वाडा लुटला गेला. या वेळची एक हकीकत फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए याने लिहून ठेवली आहे, ती आपल्या शाळेच्या पुस्तकांत नव्हती. सुरतेत तेव्हा फादर अँब्रोझ नावाचे एक कॅपुचिन संन्यासी राहत. हे पाद्री लोक सज्जन आहेत, यांना उपद्रव देऊ नये, अशा आशयाचे महाराज बोलले आणि त्यांचे घर वाचले. इंग्रज आणि डच यांनी आपापल्या वखारी तोफाबंदुकांनी राखल्या. या संन्याशापाशी तसले काही नव्हते. महाराज काही त्यांच्या धर्माचे नव्हते, धर्मग्रंथ वाचून त्यांनी पारख केली नव्हती. लोकांच्या तोंडी त्या माणसाची जी कीर्ती होती, तीच त्यांच्या कानी गेली असली पाहिजे. कतारगाम दरवाज्याजवळ त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घुमटदार कबरी आहेत. प्रवासी त्या पाहून थक्क होतात. त्या पाहून कोणाला ख्रिस्त आठवत असेल, असे मला वाटत नाही.

ही कथा मी त्या मुलाला मोठ्या हौसेने सांगितली. तो ऐकत होता, मग म्हणाला, “एकच घर वाचले का, फादर?”

खरे तर एकच वाचले नाही. बर्निएच सांगतो की, डचांच्या एका दलालाचे घरही महाराजांनी राखले. तो दलाल आधीच वारला होता, आणि तो ख्रिस्ती नव्हता. परंतु जिवंतपणी तो फार दानशूर होता, असे महाराजांना कळले होते. हे मी सांगताच मुलगा पटकन म्हणाला, “बघा! म्हणजे चांगला माणूस व्हायला ख्रिस्ती व्हावे लागते असे नाहीच.” आणि त्याने आपल्या घराचीच साक्ष काढली. २०२४ च्या जुलैत मिठी खाडीचे पाणी वस्तीत शिरले. तेथील लोक त्याला खाडीपूर म्हणतात. वरच्या मजल्यावरील हिंदू कुटुंबाने यांना वर बोलावून घेतले, आणि माउलीच्या अंगावर जबाबदारी असलेल्या व्यापाऱ्याच्या साड्या त्या घरातील पोरांनी डोक्यावरून वर नेल्या. कपाटावरची मरियामातेची मूर्तीही त्यांच्याच आजीने पदरात धरून नेली.

माझ्या युक्तिवादाला यामुळे धक्का बसला, असे कोणास वाटेल. मला आनंद झाला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीची घोषणा केली, आणि त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, असे जगाला सांगितले. चांगुलपणाची वखार आपल्याच अंगणात आहे आणि तिची किल्ली पाद्रीबाबांच्या खिशात आहे, अशा समजुतीवर ज्याची श्रद्धा उभी असेल, त्याची ती एका खाडीपुरातच वाहून जाईल. माझी श्रद्धा इतर माणसे वाईट आहेत यावर उभी नाही. तशी ती कधीच नव्हती.

मग ती कशावर उभी आहे? हे सांगताना मला त्या खोलीत थोडा वेळ लागला.

२०२१ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत मी जितकी दफने केली, तितकी त्यापूर्वीच्या कोणत्याही वर्षात इतक्या थोड्या दिवसांत केली नव्हती. कधी कबरीपाशी चार माणसे असत, कधी तीन. एके दुपारी एक आई कुंपणाच्या बाहेर उभी होती. तिला आत येऊ देत नव्हते, आणि आत तिचा एकुलता एक मुलगा होता. मी प्रार्थनेचे पुस्तक उघडले. संत थॉमसचे पाच मार्ग मला तोंडपाठ आहेत. त्यांतील एकही त्या आईसमोर माझ्या ओठांवर आला नाही, आणि आला असता तर मी तो गिळून टाकला असता. ‘ईश्वराची इच्छा’ हे शब्दही उच्चारवेनात. त्या वेळी एकच गोष्ट मनात आली की, आपला प्रभू असाच मेला. नगराच्या वेशीबाहेर, तरुण वयात, धाप लागून, जवळ मोजकी माणसे; आणि त्यांत त्याची आई. १ जानेवारीला ज्या आईचा आपण सण करतो तीच ती, आणि आठव्या दिवशी ठेवलेले तेच नाव क्रुसाच्या पाटीवर लिहिलेले. ईश्वर आकाशातून त्या कुंपणाकडे पाहत असता, तर मला तेथे उभे राहणे शक्य झाले नसते. माझा विश्वास असा आहे की, तो कुंपणाशी आधीच येऊन उभा होता, आणि तिसऱ्या दिवशी जी कबर रिकामी झाली ती अशाच माणसाची होती.

मी त्या आईला एवढेच म्हणालो, “मरियामाता तुमच्याजवळ उभी आहे.” तिने मान हलविली. पुढच्या रविवारी ती मिस्सेला आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पाचव्या रविवारी आली आणि मागच्या बाकावर बसली. का आली, हे मी विचारले नाही.

हे कापडासारखे मीटरवर मोजून दाखविता येत नाही, हे मी त्या मुलाला सांगितले. रात्री जाग आली म्हणजे मलाही शंका येतात, हेही सांगितले. काळा झगा अंगावर असला म्हणून त्या येणे थांबत नाही. परंतु जेथे इतर सर्व शब्द लाजून गप्प बसतात, तेथे मी उभा राहिलो आहे, आणि तेथे हे एक नाव मला न लाजता घेता आले. मी कोठे जन्मलो असतो तर काय झालो असतो, ते ईश्वर जाणो. जेथे जन्मलो, तेथे मला हे मिळाले, आणि ते सोडून जावे असे दुसरे दार मला दिसलेले नाही.

मुलगा बराच वेळ गठ्ठ्याच्या दोरीशी चाळा करीत बसला. मग म्हणाला, “हे सर्व मला त्या मित्राला सांगता यावयाचे नाही.”

मी म्हणालो, “सगळे सांगूच नकोस. चिडू नकोस, एवढे पुष्कळ आहे. फेब्रुवारीत मी पुन्हा येईन, तेव्हा त्याला चहाला घेऊन ये.”

“आणि मिलोचे काय सांगू?”

उत्तर माउलीने दिले. खडे चिकटविता चिकटविता, मान वर न करता ती म्हणाली, “सांग त्याला, खाल्ला म्हणावं आमच्या आजानं मिलो. आणि तुझ्या आजानं काय बासमती खाल्ला होता? बहात्तर साली रेशनच्या रांगेत अख्खा खान्देश उभा होता.”

खोलीतील सर्वजण हसले, मुलगाही हसला. रात्रपाळीची वेळ झाली होती. तो डबा उचलून निघाला, आणि जिना उतरता उतरता त्याने खालून ओरडून विचारले की, फेब्रुवारीतला कोणता रविवार.